चौथ्या मजल्यावरची बिनदाराची खोली

२९ एप्रिल

आपली इमारत आज सान्वीच्या टॅबमध्ये पाहिली. अख्खी! अजून डोक्यातून जात नाही.

सुट्टी लागल्यापासून नात त्या टॅबमध्ये नाक खुपसून बसलेली. दुपारी माझा पारा चढला. डोळे जातील म्हटलं, पाठीला पोक येईल, लग्न जमणार नाही – अकरा वर्षांच्या मुलीला हे शेवटचं म्हणायला नको होतं, पण तोंडातून गेलं. रसिका घरूनच काम करत होती. सूनबाईने कानातला हेडफोन काढला आणि शांतपणे म्हणाली, "आई, ओरडण्याआधी एकदा बघा तरी ती काय करते ते."

बघितलं. मला वाटलं बंदुका असतील, रक्त असेल. तर नुसते चौकोनी ठोकळे. ठोकळ्यांचीच झाडं, ठोकळ्यांचेच ढग. इमारतीतली पाचसहा मुलं आपापल्या घरातून एकाच खेळात शिरतात आणि मिळून बांधत बसतात. आणि बांधलंय काय? आमचं 'नीलसागर'! पंपाची खोली, गेटची वाकलेली सळई, तळमजल्यावरच्या तुळशीचा तुटका कोपरा. जिन्यातल्या पानाच्या पिचकारीची लाल रेघसुद्धा सोडलेली नाही. मी सगळा जन्म कल्याणच्या कोर्टात लोकांचं बोलणं लघुलिपीत टिपण्यात घालवला. वाटायचं, माझ्यासारखं बारकाईने कुणी टिपत नाही. पोरांनी माझे दात माझ्याच घशात घातले.

लिफ्टजवळ पाटी होती – घरकाम करणाऱ्यांनी जिना वापरावा. खेळात माणसं तयार मिळतात म्हणे, मोठ्या नाकाची, हात बांधलेली. तशी दोनतीन जिन्याने वर-खाली करत होती.

"ह्या कोण?"

"कामवाल्या मावश्या."

"मग लिफ्टने का जात नाहीत बिचाऱ्या?"

"आजी, पाटी आहे ना." माझ्याकडे असं बघितलं की मीच बावळट.

ती पाटी खरीच आहे. मी रोज तिच्यासमोर उभी राहून लिफ्टची वाट बघते. आज टॅबमध्ये वाचली तेव्हा मनाला लागली.

३० एप्रिल

दिवसभर त्या टॅबकडे बघत होते. चार्जिंगला लावलेला असतानाही.

१ मे

सकाळी खाली झेंडावंदन. जयेशने छान भाषण केलं, थोडक्यात. सोसायटीचा सेक्रेटरी असावा तर असा. पाणी नसलं की टँकर त्याने आणायचा, कुणाचा म्हातारा पडला की ॲम्ब्युलन्स त्याने बोलवायची. चौथ्या मजल्यावर राहतो – बायको हेमाली, मुलगा प्रीतम. मूळचे इथलेच, मोठागावचे कोळी. त्याची आई दगडाबाई बाजारात मासळी विकायची, तिच्याकडून मी वर्षानुवर्षं बोंबील घेतले. आता वय झालं, शिमग्यानंतर थोरल्या मुलाकडे उरणला गेली. जयेशच तसं सांगत होता.

खरं लिहायचंय ते दुपारचं. मुलांची खेळात मीटिंग होती. हो, मीटिंग! गच्चीवर सगळ्यांची ठोकळ्यांची माणसं गोलात उभी. विषय – रत्नदीपला खेळातून काढायचं. दुसऱ्या मजल्यावरचा तो शांत मुलगा, वडील केमिकल कंपनीत आहेत. म्हटलं, का गं, मारामारी केली का? तर सान्वी म्हणते, "ते भाडोत्री आहेत. ओनर नाहीयेत ना." मग कुणीतरी लिहिलं, 'ठराव मंजूर'. आणि त्या मुलाचं माणूस पडद्यावरून नाहीसं झालं.

ठराव मंजूर! हे शब्द त्यांना कुणी शिकवले? शाळेत तर नाहीत.

संध्याकाळी दिपेशला सांगितलं. माझा लेक हसला. "अगं आई, मुलं खेळतायत. तू पण ना." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जेवायला बसले तर आमटी अळणी लागली, ते मी मुद्दाम सांगितलं. रसिकाने मिठाची बरणी पुढे सरकवली.

३ मे

आज सान्वीची मनधरणी केली. आंब्याच्या दोन फोडी जास्त दिल्या आणि म्हटलं, मला सगळी इमारत फिरवून आण.

प्रत्येक घर केलंय. भिंतीचा रंग, सोफा कुठे, देव कुठे, सगळं. आमच्या घरात दिपेश टीव्हीला चिकटून उभा. रसिका टेबलाशी. आणि दिवाणखान्यात एक पोपट.

"हा कुठला? आपल्याकडे पोपट कुठे आहे?"

"ती तू आहेस. सारखी बोलतेस ना, म्हणून."

मला हसू आलं, रागही आला. पण मान्य करते, बरा जमलाय.

मग चौथा मजला. जयेशचं घर. हॉल, किचन, प्रीतमची खोली, आणि मागे आणखी एक खोली – चारही बाजूंनी भिंत. दार नाही. भिंतीत वरती एक बारकं भोक. आत एक म्हातारी उभी. ती भिंतीपर्यंत जायची, वळायची, परत यायची.

"ही कोण गं?"

सान्वीने टॅब उलटा केला. "कुणी नाही."

"अगं कोण ती?"

"प्रीतमची आजी."

"ती तर उरणला आहे ना, मोठ्या काकांकडे?"

"हो," म्हणाली आणि उठून बाथरूममध्ये गेली. खूप वेळ बाहेर आली नाही. मी आंब्याच्या साली हातात धरून तशीच बसून राहिले.

४ मे

आज ओरडले नाही. जवळ बसले फक्त. पोरगी आपणहून बोलली.

रोज एका मुलाची पाळी असते. ज्याची पाळी, त्याने वरच्या भोकातून आत पाव टाकायचा. म्हटलं, का? तर म्हणते, "नाहीतर ती मरेल ना." मोठ्यांना सांगायचं नाही, तशी प्रीतमने शपथ घातलीय. सांगितलं तर पोलीस त्याच्या आईबाबांना नेतील.

दिपेशला सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या खेळातल्या माणसांना खायला द्यावं लागतं का रे? तो म्हणाला, "छे. ती उपाशी मरत वगैरे नाहीत. तसं काही नसतंच त्यात."

म्हणजे खेळाने सांगितलेलं नाही. हे पोरांनी आपलं आपण ठरवलंय.

उद्या वर जाऊन यायचं.

५ मे

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

जयेश-हेमाली ऑफिसला गेले, प्रीतम क्लासला. मी लिफ्टने चौथ्यावर गेले. समोरच्या फ्लॅटचे मालक दुबईला, तो बंदच असतो. जयेशच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. त्यात नवल नाही, सगळेच लावून जातात. मी जाळीत हात घालून आतल्या दारावर टकटक केलं. नुसतं एकदा. मनात म्हटलं, चला, कुणी नाही, उगाच पोरांच्या नादाला लागले.

आणि आतून आवाज आला. "कोन हाय? पानी उतरलं काय गो?"

दगडाबाई!

मी भिंत धरली. तोच आवाज, 'बोंबील घे गो बाय' वाला. फक्त पातळ झालेला. म्हटलं, मी आहे, खालची, पहिल्या मजल्यावरची. तिला त्याचं काही नव्हतं. "दार उघर गो बाय. मना खारीवर जावाचं हाय. आज पुनव हाय, पानी लांब जातंय. निवट्या वर आल्या असतील." खारी म्हणजे खाडी, निवट्या म्हणजे तिथले चिखलातले मासे. आणि मग दार हलवायला लागली. जोर नव्हता हातात. हळूहळू, पण थांबेना.

मी पायरीवर बसले. किल्ली नाही, काय करणार? नुसती बोलत राहिले. बोंबील कसे दिले, पापलेट आहे का – काहीबाही. ती उत्तरं देत होती. बाजारात बसल्यासारखी भाव करत होती माझ्याशी. मग गप्प झाली. निजली असेल.

खाली आले, सरळ दिपेशला फोन. तो म्हणाला, "आई, त्यांच्या घरातला प्रश्न आहे. जयेश सेक्रेटरी आहे, उद्या आपल्याला काही लागलं तर? तू लष्कराच्या भाकऱ्या भाजू नकोस." मी फोन ठेवला. जास्त काही बोलले नाही, बोलले असते तर आज लेक राहिला नसता.

रसिका दारात उभी होती. म्हटलं, ऐकलंस? चौथ्या मजल्यावर माणूस कोंडून ठेवलंय. ती खाली बघत म्हणाली, "आई, मला माहीत आहे."

तिला आमच्या कामवाल्या भिवाबाईने सांगितलं होतं. तिला वॉचमनने. वॉचमनला तळमजल्यावरच्यांनी. सगळ्यांना माहीत! दोन महिने! आणि मी इथे गॅलरीत बसून 'जयेशसारखा मुलगा नाही' म्हणून जपमाळ ओढतेय.

"मग कुणी बोललं का नाही?"

"काय बोलणार आई? घरोघरी मातीच्या चुली. आणि ते वाईट लोक नाहीत हो."

तेच तर. वाईट असते तर मी ओळखलं असतं.

६ मे

ज्येष्ठ नागरिकांसाठी मदतीचा नंबर असतो, तो शोधून तळहातावर लिहिला. सकाळपासून भांडी घासली नाहीत, पुसला जाईल म्हणून. पण लावला नाही. आधी तोंडावर विचारायचं ठरवलं. शनिवार, सगळे घरात असणार.

मनात वाक्यं तयार करून गेले होते. कोर्टात वकील उलटतपासणीला उभे राहतात तशी उभी राहणार होते. दार हेमालीने उघडलं. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. काही न विचारता बाजूला झाली.

दगडाबाई हॉलमध्ये खुर्चीवर बसलेली. स्वच्छ पातळ, वेणी घातलेली, नखं कापलेली. मला बघून हसली. "म्हावरं घेतंस का गो? ताजं हाय." माझी सगळी तयार वाक्यं तिथेच संपली.

जयेश चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. मला बसायला लावलं, पाणी दिलं. मग सांगितलं. शिमग्याच्या पौर्णिमेला पहाटे आई उठून निघून गेली. रेतीबंदरला खाडीत सापडली, कमरेपर्यंत चिखलात रुतलेली. पाणी चढायला लागलेलं. तिथल्या पोरांनी दोर टाकून ओढून काढलं. "काकू, अजून थोडा उशीर झाला असता ना, तर खलास. तिला वाटतं ती अजून निवट्या पकडायला जाते. पुनव-अमावस्येला तर ऐकतच नाही. सांभाळायला बायका ठेवून बघितल्या. एकीला चावली. एक आपली मोबाईल बघत बसलेली, ही निघून गेलेली. तिसरी आलीच नाही परत."

"मग उरणचं खोटं का सांगितलंस?"

"काय सांगणार होतो? मीटिंगमध्ये उभा राहून सांगू, की मी माझ्या आयशीला कुलूप लावतो?"

हेमालीने तिचा फोन दाखवला. हॉलमध्ये कॅमेरा लावलाय. ऑफिसात बसून दिवसभर बघत असते. "डबा खाताना, मीटिंगमध्ये, गाडीत. प्रीतम लहान होता तेव्हा त्याच्याकडे मी एवढं बघितलेलं नाही काकू." आणि रडायला लागली. मग मीही. नंबर लिहिलेला हात मी पदराखाली घेतला, पण जयेशने बघितला होता.

"फोन लावायचा असेल तर लावा," तो म्हणाला. "खरंच लावा. एकदाचा सुटेन मी."

तो हे रागाने म्हणाला असता तर चाललं असतं. तो खरंच म्हणत होता. मी हादरले.

मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, किल्ली दे. सोमवारपासून मी येऊन बसते.

७ मे

दिपेश: "तुझे गुडघे काय, तू काय, आणि ती पळणारी म्हातारी!" मी म्हटलं, जेवणाचा डबा मी माझा घेऊन जाईन, तुम्हाला त्रास नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर आज मेसेज आला. मुलांनी मोबाईल गेममध्ये रहिवाशांच्या घरातल्या खाजगी गोष्टी दाखवू नयेत, पालकांनी लक्ष द्यावं. त्याखाली अंगठ्यांची रांग. म्हातारीबद्दल एक अक्षर नाही. मी काहीतरी जळजळीत लिहिणार होते, पण जयेशचा विचार आला आणि खोडलं.

८ मे

पहिला दिवस. दोन्ही दारं सताड उघडी टाकली. दगडाबाई आली आणि उंबऱ्यात बसली, पाय बाहेर सोडून. दिवसभर तिथेच. आत जायला तयार नाही. म्हणाली, "आमचे घराला कडी नव्हती. कोन येनार? कुत्रा येनार." मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. आम्ही दोघींनी मटार सोलले. ती दाणे टाकायची आणि सालं ठेवायची, मग मी अदलाबदल करायचे.

संध्याकाळी सान्वीने टॅब दाखवला. त्या खोलीची एक भिंत फोडून दार बसवलंय. उघडं दार. म्हातारी बाहेर पॅसेजमध्ये. पोरीच्या केसांवरून हात फिरवत बसले.

९ मे

गुडघे दुखतात. पण झोप काय लागली!

१२ मे

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

मुलं आता जिन्यातच येऊन बसतात. रत्नदीपलाही परत घेतलाय, मी डोळे वटारले म्हणून. सान्वीने दगडाबाईला टॅब दाखवला, "आजी, ही आपली बिल्डिंग." तिने इमारतीकडे बघितलंच नाही. बोट गेटच्या पुढे नेलं, जिथे नुसतं हिरवं पठार होतं. "खारी कुठं हाय?"

मग काय, खाडी बांधायला घेतली! तिने बोटाने दाखवायचं, मुलांनी ठोकळे लावायचे. इथे खार, इथे तिवराची झाडं, इथे दामाजी नाखव्याची होडी उलटी टाकलेली असायची, इथे आमची झोपडी. मुलांना एका जागी दोन झाडं लावायची होती, ती म्हणाली, "नाय, एकच. दुसरा वादलात गेला." तिला सकाळी नाश्ता केलेला आठवत नाही. हे झाड आठवतं.

मुलांनी पाणी सोडलं, मासे सोडले. सगळी टाळ्या वाजवायला लागली. दगडाबाई मात्र काचेकडे बघत राहिली. वाट बघत होती कसलीतरी. बराच वेळ. मग म्हणाली, "ही कसली खारी गो? पानी उतरतच नाय. भरती नाय, सुकती नाय." सुकती म्हणजे ओहोटी.

प्रीतमने समजावलं, "आजी, गेममध्ये पाणी तसंच राहतं." तिने टॅब त्याच्या मांडीवर परत ठेवला आणि उंबऱ्यातून उठून आत गेली. पोरांचे चेहरे पडले. मी पोहे केले सगळ्यांना.

१५ मे

आज दगडाबाईने मारलं मला. गालावर.

मी भाजी फोडणीला टाकायला आत गेले. तेवढ्यात ती दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरली होती, अनवाणी. मी धावले – या गुडघ्यांनी! हात धरला तर तिने मला दुसरीच कुणीतरी समजलं. बाजारातली तिची जागा बळकावलेली कुणी बाई. ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. मग थोबाडीत.

आणि मी ओरडले. तिच्या अंगावर. "गप्प बस! चल वर! चल म्हणते ना!" जिन्यात माझाच आवाज घुमला. दुसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं आणि बंद झालं. हा आवाज माझा? दिपेश लहान असतानाही मी असं ओरडले नव्हते.

वर आल्यावर तिने माझा गाल कुरवाळला. "कोनी मारलं गो तुला?"

१६ मे

भाजी करपलेली कढई अजून घासतेय. दिपेशला म्हटलं जिन्यात दार लागलं गालाला.

१७ मे

हेमाली आली होती, खाडीची मोठी कोळंबी घेऊन. पोरगी टवटवीत दिसत होती. म्हणाली, आठवडाभर रात्रीची झोप लागतेय, ऑफिसात फोन बघायची गरज नाही. जयेशने कॅमेरा काढून टाकला. "काकू, तुम्ही आहात म्हणून."

छान वाटलं. मग ती गेली आणि घाबरायला झालं. किती दिवस? एकोणीसला माझा दिवस आहे – कोर्टातल्या आम्हा जुन्या लघुलेखकांचं जेवण, कल्याणला. चांगदेव, मालती, सगळे येणार. वर्षातून एकदा भेटतो. हेमालीला सुट्टी घ्यायला सांगायचं होतं. तिचा चेहरा बघून सांगवलं नाही. सांगेन उद्या.

१८ मे

सांगितलं नाही.

१९ मे

काय जेवण झालं! मालतीने पुरणपोळ्या आणल्या होत्या. चांगदेवने एकेका जज्जची नक्कल केली, हसून हसून पोट दुखलं. कितीतरी दिवसांनी कुणी माझ्याशी माझ्याबद्दल बोललं. हिरवी साडी नेसले होते, सगळ्यांनी चांगली म्हटली. निघवेना तिथून. थोडा उशीरच झाला.

सकाळी दगडाबाईची भुणभुण चालूच होती. अमावस्या, उधाण, पाणी उतरणार, दार उघर. पण भात-कालवण भरवलं, पाणी हाताशी ठेवलं, गादी घातली. पडली तेव्हाच मी निघाले. परत आले तर उंबऱ्याजवळ, दाराला पाठ लावून बसलेली. जेवली होती, बरी होती. हेमालीला काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही झालंच नाही.

२० मे

सान्वीने टॅब माझ्या मांडीवर आणून ठेवला. चौथा मजला. दार काढून तिथे पुन्हा ठोकळे लावलेत. म्हातारी आत. आणि बाहेर एक बाई उभी केलीय, चष्म्याची, हिरव्या साडीतली.

म्हटलं, अगं, जेवायलाच तर गेले होते. कुलूप थोडाच वेळ लावलं. ती निजली होती.

"नव्हती निजली," सान्वी म्हणाली. "आम्ही जिन्यात होतो. तू येईपर्यंत ती तुझ्या नावाने हाका मारत होती."